अफवेची साखळी कोठे तुटते?

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. त्या महिन्यात महाराष्ट्रात पुन्हा एकदा 'मुले पळवणारी टोळी' आल्याची आवई उठली होती. एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला : 'आपल्या भागात लहान मुले पळवणारी माणसे फिरत आहेत. फेरीवाला, भंगारवाला, साधू अशा वेषांत येतात. सावध राहा. सर्वांना कळवा.' पाठवणारे गृहस्थ ओळखीचे आणि चांगले शिकलेले होते. मी दिवसभर तास घेऊन दमलो होतो. 'खबरदारी घेतलेली बरी' एवढेच मनात म्हणून मी तो संदेश आमच्या वसाहतीच्या गटावर टाकला आणि जेवायला बसलो. या साऱ्याला दहा सेकंदही लागले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाविद्यालयात होतो. इकडे आमच्या गल्लीत कुकर आणि शेगड्या दुरुस्त करणारा एक मनुष्य सायकलवरून आला. सायकलला मोठी पिशवी अडकवलेली. एक लहान मुलगा त्याच्याजवळ उकिडवा बसून रबरी रिंगा आणि शिट्ट्या पाहत होता. नुकतेच राहायला आलेल्या एका बिऱ्हाडातल्या कोणाला तरी ते दिसले. 'पिशवीत काय आहे?' असा दरडावून प्रश्न झाला. तो गोंधळला आणि अडखळला. दहा मिनिटांत पंचवीस-तीस माणसे जमली, दोन थपडाही बसल्या. इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका ओरडतच खाली आल्या, 'अरे, हा आपला कुकरवाला! पंधरा वर्षे ओळखते मी त्याला!' म्हणून तो सुटला.

संध्याकाळी मला हे सारे कळले. बाईंनी 'तुम्हाला हे सांगितले कोणी?' असे विचारताच एकाने मोबाइल पुढे केला होता आणि म्हटले होते, 'प्राध्यापकांनीच टाकलंय की!'

विद्यार्थी मित्रांनो, मी पदार्थविज्ञान शिकवतो. पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट मानू नये, असे वर्गात दरवर्षी सांगतो. आणि माझ्याच शिक्षणाचा शिक्का एका खोट्या संदेशावर बसला होता. दोन थपडांवर निभावले हे केवळ त्या मनुष्याचे नशीब. सर्वांचेच नशीब तसे नसते. म्हणून आज या विषयावर काही स्पष्ट मते मांडायची आहेत.

अफवा जुनी, वेग नवा

अफवा काही मोबाइलबरोबर जन्माला आली नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या, तेव्हा मी शाळेत होतो. हातात वाटी-चमचा घेऊन मीही रांगेत उभा राहिलो होतो. त्या वेळी सर्वसामान्यांच्या खिशात मोबाइल नव्हता. घरगुती दूरध्वनी, नाक्यावरचे एस.टी.डी. बूथ आणि दूरचित्रवाणी यांच्या जोरावर एका दिवसात ती बातमी परदेशांतल्या देवळांपर्यंतही जाऊन पोहोचली. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातले दूध मूर्तीच्या पृष्ठभागावर ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले. त्या अफवेत पुष्कळ दूध वाया गेले, पण माणूस मेला नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये चित्र पालटले. आसामात त्या वर्षी जुलैमध्ये दंगली झाल्या होत्या. त्याचा सूड म्हणून दक्षिणेकडील शहरांत ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार, असे लघुसंदेश आणि चित्रे मोबाइलवरून फिरू लागली. त्यांत दुसऱ्याच देशांतली, जुन्या दुर्घटनांची छायाचित्रेही मिसळलेली होती. बंगळूर आणि आपल्या पुण्यासह काही शहरांतून हजारो विद्यार्थी व कामगार मिळेल त्या गाडीने घराकडे निघाले. बंगळूरहून गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने १७ ऑगस्टला एका वेळी पाचांहून अधिक लोकांना लघुसंदेश पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पुढे २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मुले पळवणाऱ्यांच्या अफवेने देशात वीसहून अधिक माणसांचे बळी घेतले. मे २०१८ मध्ये बंगळूरच्या चामराजपेठ भागात रोजगारासाठी राजस्थानातून आलेल्या २६ वर्षांच्या तरुणाला जमावाने मारले. जूनमध्ये अहमदाबादेत भिक्षा मागत फिरणाऱ्या चार स्त्रियांवर जमाव तुटून पडला आणि त्यांतली एक मरण पावली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. त्याच रात्री मालेगाव शहरातही तसाच जमाव जमला होता. तेथे पोलिसांनी पाच जणांना जिवंत सोडवले आणि त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. म्हणजे ज्यांना 'मुले पळवणारे' म्हटले गेले, त्यांच्या कडेवर स्वतःचेच मूल होते!

शेवट कापलेली चित्रफीत

त्या काळात सर्वांत जास्त फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकिकत ऐकण्यासारखी आहे. रस्त्यावर मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे दृश्य. ही चित्रफीत मुळात कराचीतल्या एका स्वयंसेवी संस्थेने २०१६ मध्ये पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला सुखरूप परत आणून सोडतात आणि 'मूल पळवायला एक क्षण पुरतो' अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापला आणि उरलेली फीत 'आपल्या शहरात घडलेली घटना' म्हणून भारतात फिरू लागली.

यात शिकण्यासारखे काय आहे? फीत खोटी नव्हती. तिचे स्थळ, काळ आणि शेवट काढून घेतले होते. प्रयोगवहीत तुम्ही '३२' एवढाच आकडा लिहिलात आणि एकक लिहिले नाही, तर शिक्षक त्याला गुण देत नाहीत. ३२ काय? अंश, सेंटिमीटर की ग्रॅम? ज्या चित्राला स्थळ आणि काळ नाही, ते एकक नसलेल्या आकड्यासारखे असते. डोळ्यांनी पाहिले म्हणून ते सिद्ध होत नाही.

साखळीचे गणित

आता थोडे गणित करू. युरेनियमच्या अणुकेंद्रावर एक न्यूट्रॉन आदळला की ते फुटते आणि सरासरी दोन-अडीच नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतल्या एकाहून अधिकांनी पुन्हा नवी केंद्रे फोडली, तर प्रक्रिया वाढत जाते. बरोबर एकाने फोडले, तर ती स्थिर राहते. सरासरी एकाहून कमी पडली, तर विझते. या सरासरीला गुणक म्हणतात. सारा खेळ गुणक एकाच्या वर आहे की खाली, यावर असतो.

संदेशाचेही तसेच आहे. समजा, एका गटात २०० माणसे आहेत आणि संदेश वाचणाऱ्या दर शंभरांपैकी एकच जण तो दुसऱ्या तेवढ्याच मोठ्या गटावर टाकतो. शंभरातले नव्व्याण्णव शहाणे आहेत, ही काही वाईट स्थिती नव्हे. तरीही २०० माणसांतून दोघे पुढे पाठवणारे निघाले, म्हणजे गुणक झाला २. दहा पायऱ्यांनंतर पुढे पाठवणारे १,०२४ होतील आणि दर वेळी नवे २०० वाचक म्हणजे दोन लाखांहून अधिक लोकांच्या हाती तो संदेश पडेल. आता गंमत पाहा. शंभरात एकाऐवजी अडीचशेत एकच माणूस पुढे पाठवू लागला, तर गुणक होतो ०.८. मग साखळी कितीही चालू दिली, तरी सुरुवातीचा धरून पुढे पाठवणारे सारे मिळून सुमारे पाचच भरतात आणि ती आपोआप विझते. प्रत्यक्षात तेच तेच लोक अनेक गटांत असतात, म्हणून खरे आकडे इतके नेटके येत नाहीत. पण निष्कर्ष बदलत नाही. अफवा थांबवायला सर्व माणसे शहाणी व्हावी लागत नाहीत. पुढे पाठवणाऱ्या दर पाचांतले तिघे थांबले, तरी या उदाहरणात काम होते.

म्हणूनच 'आपले लोकच अडाणी, त्याला कोण काय करणार?' हे म्हणणे मला मान्य नाही. माझ्या गटात डॉक्टर होते, अभियंते होते, मी होतो. आणि 'मोबाइलच वाईट' हेही खरे नाही. माणसे तीच असतात, यंत्रही तेच असते. गुणक एकाच्या वर जाऊ द्यायचा की नाही, हे ठरवणारे निर्णय मात्र कोणीतरी घेतलेले असतात.

कांडीला पत्र वाचावे लागत नाही

२०१८ च्या मध्यापर्यंत व्हॉट्सअॅपवर एक संदेश एका वेळी अडीचशेच्या आसपास ठिकाणी पाठवता येत असे आणि एका गटात २५६ माणसे मावत. ही सोय माणसाने आखलेली होती, तो काही निसर्गनियम नव्हता. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात कंपनीने भारतात ही मर्यादा पाचावर आणली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जो संदेश आधीच अनेक हातांतून फिरून आला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम केला. त्यामुळे असे बहुप्रवासी संदेश सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच त्या महिन्यात जाहीर केले. आकडा कंपनीचा आहे हे ध्यानात घेऊनही, एक गोष्ट उघड आहे. जे आधी करता येत होते, ते माणसे मेल्यावर केले गेले.

काही जण विचारतील, हे संदेश तर कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय ते कोणालाच वाचता येत नाहीत. मग खोटे संदेश ओळखायचे कसे? येथे पुन्हा अणुभट्टीकडे पाहू. भट्टीतल्या नियंत्रक कांड्या कॅडमियम किंवा बोरॉन यांच्यासारख्या न्यूट्रॉन गिळणाऱ्या पदार्थांच्या असतात. चांगला न्यूट्रॉन कोणता आणि वाईट कोणता, हे कांडीला कळावे लागत नाही. ती फक्त त्यांची संख्या कमी करते. तसेच, संदेश किती हातांतून आला, याचा हिशेब संदेशाबरोबरच फिरतो. त्यावरून वेग आवरता येतो आणि त्यासाठी कोणाचेही पत्र फोडावे लागत नाही. नागरिकांचे खाजगीपण आणि त्यांची सुरक्षितता यांतून एकच निवडा, असे कोणी म्हणाले, तर हे उदाहरण त्याला जरूर सांगा.

दुसरा उपाय सरकारे वारंवार योजतात. तो म्हणजे इंटरनेटच बंद करणे. मला तो पटत नाही. भट्टीचे सगळे दिवे, घंटा आणि मोजपट्ट्या बंद करून भट्टी थंड होत नाही. इंटरनेट बंद केले की अफवा तोंडी फिरत राहते आणि तिचे खंडन मात्र अडकून पडते. शिवाय रुग्ण, व्यापारी, विद्यार्थी यांचे हाल होतात ते वेगळेच.

खंडन उशिरा पोहोचले तर काय होते, याचे एक विदारक उदाहरण आहे. २८ जून २०१८ रोजी त्रिपुरात, ही अफवा खोटी आहे असे ध्वनिक्षेपकावरून सांगत गावोगाव फिरण्यासाठी शासनाने नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार मारले. साखळी पुरती पेटल्यावर सत्य सांगणाराही संशयित ठरतो. याउलट, तेलंगणात गदवाल आणि वनपर्ती या जिल्ह्यांत त्या वेळच्या पोलिस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी वेळेवर पावले टाकली. गावागावाला एकेक पोलिस नेमून दिला. हे पोलिस गावकऱ्यांच्या मोबाइल-गटांत सामील झाले. दवंडी आणि लोकगीते यांतून अफवेची माहिती लोकांना दिली. तेथे त्या लाटेत एकही बळी गेला नाही. म्हणजे आधी ओळख असली की संकटाच्या वेळी शब्दाला वजन येते. आमच्या गल्लीतही पोलिसांनी नव्हे, पंधरा वर्षांच्या ओळखीनेच एक माणूस वाचवला.

शहर कशावर उभे असते?

खेड्यात बहुतेक माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. शहरात तसे नसते. बसमध्ये शेजारी बसलेला, दूध आणून देणारा, विजेचे मीटर वाचायला येणारा, यांतल्या कितीजणांची नावे तुम्हाला माहीत असतात? तरी आपण त्यांच्यावर विश्वास ठेवून रोज जगतो. अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेला हा विश्वास, हाच शहराचा पाया आहे. 'अनोळखी माणूस दिसला की सावध व्हा' हा संदेश नेमका त्या पायावर घाव घालतो. तो आपल्याला सुरक्षित करण्याच्या नावाखाली येतो आणि जाताना शहर असुरक्षित करून जातो.

ही असुरक्षितता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. बळी कोणाचे गेले ते पाहा. परगावचा मजूर, भिक्षेकरी स्त्री, भटक्या जमातीची माणसे. आपल्या लहानपणी पहाटे दारात येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, डवरी गोसावी, बहुरूपी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी दारांवर विसंबून जगत आले. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो घाबरतो. ज्याच्या हाती झोळी आहे तो मरतो.

थोडा उशीर

अणुभट्टीतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. विखंडनातून निघणारे जवळजवळ सर्व न्यूट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पुढची पिढी तयार होते. केवळ त्यांच्यावर भट्टी चालली असती, तर कांड्या खाली सोडायला ना माणसाला वेळ मिळाला असता, ना यंत्राला. पण युरेनियम-२३५ मध्ये दर हजारी सहा-सात न्यूट्रॉन उशिरा निघतात. काही अर्ध्या सेकंदाने, काही मिनिटभरानेही. त्यांना विलंबित न्यूट्रॉन म्हणतात. भट्टी अशी चालवतात, की या थोड्यांवाचून साखळी पुरी होऊच नये. मग सगळ्या भट्टीला त्यांच्यासाठी थांबावे लागते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांनी पहिली साखळी-प्रक्रिया आटोक्यात ठेवून दाखवली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे आपली 'अप्सरा' सुरू झाली, ती या मूठभर उशीर करणाऱ्यांच्या भरवशावर.

उपमा फार ताणू नये हे खरे. माणूस म्हणजे न्यूट्रॉन नव्हे, कारण त्याला विचार करता येतो. पण उशिराची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे. मी त्या संध्याकाळी आधी जेवलो असतो आणि मग संदेश पुन्हा वाचला असता, तर? 'आपला भाग' म्हणजे कोणता? घटना कोणत्या तारखेची? कोणत्या पोलिस ठाण्यात तक्रार आहे? या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. खरेच शंका असेल, तर ११२ हा क्रमांक आहे. पोलिसांना कळवणे ही खबरदारी झाली. दोनशे घाबरलेल्या माणसांना कळवणे ही खबरदारी नव्हे.

वर्गात करून पाहा

शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. केरळात कन्नूर जिल्ह्यातील सुमारे दीडशे सरकारी शाळांत २०१८ मध्ये 'सत्यमेव जयते' या नावाने खोटे संदेश ओळखण्याचे पाठ घेतले गेले. आपल्याला त्यासाठी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. चिठ्ठ्या आणि एक फासा एवढेच साहित्य पुरे.

एका विद्यार्थ्याला चिठ्ठी द्या. त्याने फासा टाकावा. १ ते ४ पडल्यास, ज्यांना चिठ्ठी मिळालेली नाही अशा दोघांना त्याने नव्या चिठ्ठ्या द्याव्यात. ५ किंवा ६ पडल्यास थांबावे. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाने तेच करावे. येथे गुणक चार-तृतीयांश, म्हणजे एकाहून अधिक आहे. किती पायऱ्यांत किती मुलांकडे चिठ्ठी पोहोचली ते फळ्यावर मांडा. मग नियम उलटा करा. १ किंवा २ पडले तरच पुढे द्यायची, नाहीतर थांबायचे. गुणक दोन-तृतीयांश होईल. दोन्ही प्रयोग दहा-दहा वेळा करा, कारण एका वेळी योगायोगानेही काही घडू शकते. पहिल्या नियमाने अर्धा वर्ग किती वेळा भरला आणि दुसऱ्याने किती वेळा, हे मोजा आणि विद्यार्थ्यांकडून त्याचा आलेख काढून घ्या.

आमच्या वसाहतीच्या गटावर मी दुसऱ्याच दिवशी माझी चूक लिहून टाकली. ते खंडन फार थोड्यांनी वाचले आणि पुढे कोणीच पाठवले नाही. त्याचा गुणक शून्य होता. कुकर दुरुस्त करणारा तो मनुष्य त्यानंतर आमच्या गल्लीत फिरकलेला नाही. त्याचा पत्ता आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता, म्हणून त्याची क्षमा मागायचीही राहून गेली. आता माझा नियम असा आहे, की भीती दाखवणारा कोणताही संदेश आला, तर वर सांगितलेले तीन प्रश्न विचारल्याशिवाय बोट हलवायचे नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर साखळी माझ्यापाशी तुटते. तुमच्यापाशीही ती तुटावी.